दोर धरणारीचा आकडा

प्रश्न : माझा भाचा आणि भाचेसून जर्मनीहून महिनाभराच्या सुट्टीवर आमच्याकडे वाघोलीला आले आहेत. दोघांनाही ‘जिओकॅशिंग’चा नाद आहे. फोनवर नकाशा बघत कुठेतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि होता तसा परत ठेवायचा, असा काहीसा खेळ. परवा जेवताना त्यांची जुंपली. तिकडच्या एका उंच झाडावरचा डबा भाच्याने चढून काढला, ही खाली दोर धरून उभी. सही त्याने दोघांची केली. आता म्हणतो, हा डबा तिच्या आकड्यात धरायला नको. त्यावर ती म्हणाली, ‘मामा, यानं वही भिजली म्हणून सही न करताच एक डबा मोजलाय. आणि एकदा तर डबा मिळाला नाही म्हणून खिशातला दुसराच ठेवून आला!’ निवाडा माझ्यावर सोपवला आहे. कोणाची बाजू घेऊ? हे आकडे मोजतं कोण? नियम म्हणे सारखे बदलतात, मग जुन्या आकड्यांचं काय होतं? आणि आपल्या वाघेश्वराच्या तळ्याकाठी असा डबा ठेवता येईल का? भाचेसूनबाई हट्टाला पेटल्या आहेत.
— एक मामा, वाघोली

उत्तर : मामा, पत्र वाचून आधी हसलो आणि मग मुकाट्याने कपाटातली माझी किल्ल्यांची वही काढली. शेवटच्या पानावर आकडा आहे ७४. त्यातला एक मदनगड. अलंग-मदन-कुलंग या त्रिकुटातला हा मधला, आणि त्याच्या कड्यावर चढायला दोर लागतो. आमच्यातले चौघे चढले. मी खाली सॅकांची राखण करत बसलो, कारण गुडघा दुखत होता असं मी तेव्हा सांगितलं. घरी आल्यावर वहीत मात्र तिन्ही नावं एका ओळीत लिहिली. तेव्हा तुमच्या भाच्याचा न्याय करायला मी काही स्वच्छ हाताचा माणूस नाही. पण आरोपीला कायदा बरा कळतो म्हणतात, त्या अधिकाराने लिहितो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. जीपीएसच्या नागरी संकेतात अमेरिकी सरकारने मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती. त्यामुळे सामान्य माणसाला आपली जागा शंभरेक मीटरच्या फरकानेच कळायची. २ मे २००० रोजी ही भेसळ बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर या गृहस्थाने रानात एक बादली अर्धी पुरली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल असलं सामान ठेवलं आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. अट एवढीच: यातलं काही घ्या, आपलं काही ठेवा आणि वहीत नोंद करा. काही दिवसांतच लोकांनी बादली शोधली. त्याच सप्टेंबरात जेरेमी आयरिश याने या डब्यांच्या नोंदींसाठी संकेतस्थळ काढलं आणि खेळ जगभर पसरला. ‘कॅश’ म्हणजे इथे रोकड नव्हे, लपवलेला साठा. पुण्यात हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या बादलीतच वही होती, हे लक्षात ठेवा. भांडणाचं मूळ तिथे आहे.

आता आकडे मोजतं कोण? खरं सांगायचं तर कोणीच नाही. प्रत्येक डब्याच्या दोन नोंदी होतात. एक डब्यातल्या कागदावर, हाताने केलेली. दुसरी घरी येऊन फोनवर, बोटाने केलेली. आकडा वाढतो तो दुसरीने. नियम असा की आधी कागदावर सही, मगच फोनवर ‘सापडला’. दोन्ही ताडून पाहायचा अधिकार डबा ठेवणाऱ्याला आहे. कागदावर सही नसेल तर तो फोनवरची नोंद पुसू शकतो. पण जंगलात जाऊन चारशे सह्या कोण ताडत बसतो? एखादा खमका मालक सोडला तर कोणी नाही. या खेळातले पंचवीस वर्षांचे सगळे वाद कागद आणि फोन यांच्यातल्या त्या फटीत वाढलेले आहेत.

ही कागदाची सही आपल्याला परकी नाही, मामा. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलात तर तीर्थोपाध्ये तुमचं गाव आणि आडनाव विचारून जुनी नामावळी काढतात, आणि त्यात तुमच्या पणजोबांची सही निघते. मोडीत, थरथरत्या हाताची. त्याखाली तुम्ही सही करता. आलेला माणूस घरी राहिलेल्या भावंडांची, मुलाबाळांची नावंही सांगतो आणि उपाध्ये ती लिहून घेतात, पण आला कोण ते वेगळं कळतं. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. नावं सगळ्यांची घ्या, पण पाय कोणाचे लागले ते लपवू नका.

आता दोराचा निवाडा. या खेळात प्रत्येक डब्याला दोन गुण दिलेले असतात: शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ खाने होतात, आणि हे खाने भरून काढण्याचं वेड लागलेली माणसं आहेत. उंच झाडावरचा डबा बहुतेक वेळा पोचायला पाचाचा. तिथेच वादाला तोंड फुटतं. कडवे लोक म्हणतात, जो चढला त्याचाच डबा. बाकीचे म्हणतात, जोडीने गेलो, जोडीने सही केली, दोघांचा. माझ्या मते तुमच्या भाचेसूनबाईंचा डबा पक्का आहे. खाली दोर धरणारा ढिला पडला असता तर वरचा माणूस सही करायला उरला नसता. ती गाडीत बसून मोबाइल बघत असती तर मी वेगळं बोललो असतो. असेही लोक आहेत: नवरा झुडपात हात घालतोय, बायको काच खाली करून विचारतेय ‘मिळाला का?’, आणि आकडा दोघांचा वाढतोय. उलटही असतं. काही डबे कोड्याचे असतात, कोडं सुटल्याशिवाय खरी जागाच कळत नाही. कोडं रात्रभर जागून तिने सोडवलं आणि सकाळी हात घातला त्याने, तर डबा कोणाचा? मी तर म्हणेन तिचाच, त्याने फक्त हमाली केली.

मदनगडाखाली मी दोर धरला नव्हता. मी चिवडा खात होतो. तेव्हा माझा आकडा ७३ करतो आहे. हे लिहीपर्यंत केलेलं नव्हतं, आता केलं.

आपल्याकडे किल्ल्यांचा आकडा हाच खरा जिओकॅशिंगचा चुलतभाऊ. शनिवारी रात्री शिवाजीनगरहून सुटणाऱ्या कुठल्याही ट्रेकच्या गाडीत बसा, अर्ध्या तासात ‘तुझे किती झाले?’ सुरू होतं. मग कायद्याची चर्चा. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते. गाडीने गेलेल्याचा सिंहगड धरायचा का? रायगडाला १९९६पासून रोपवे आहे. पाळण्यात बसून गेलेल्याचा रायगड झाला की पाहून झाला? पुरंदर-वज्रगड एक की दोन? चंदन-वंदन? अणकाई-टणकाई? रवळ्या-जवळ्या? चाकणचा संग्रामदुर्ग चढायचा प्रश्नच नाही, तो सपाटीवर आहे. तो मोजणाऱ्याला लोक हसतात, आणि औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान त्याच किल्ल्यापुढे १६६० साली जवळजवळ दोन महिने अडकून पडला होता हे विसरतात. हे वाद कधी मिटत नाहीत आणि मिटूही नयेत, रात्रीचा प्रवास त्यावरच निघतो. आकडा तुमच्या वहीत आहे तोवर तो तुमचा. त्यात चाळीस धरा नाही तर चारशे, कोणाचं काही बिघडत नाही.

पण नोंद ही निराळी गोष्ट आहे, आणि इथे मी तुमच्या भाच्याच्या विरुद्ध जातो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलात आम्ही सहाजण नाशिक जिल्ह्यातल्या एका आडबाजूच्या किल्ल्यावर गेलो. महिन्यापूर्वी जाऊन आलेल्या एकाने लिहून ठेवलं होतं, ‘माथ्यावरच्या टाक्यात बारमाही पिण्याचं पाणी’. आम्ही माणशी दोनच बाटल्या घेतल्या. माथ्यावर टाकं होतं, त्यात वाळलेलं शेवाळ होतं आणि एक मेलेला सरडा होता. उतरताना एकाला चक्कर आली. नंतर कळलं की लिहिणारा माथ्यावर गेलाच नव्हता. माचीवरून परतला होता, आणि टाक्याची माहिती कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उतरवली होती. किल्ला मोजला, त्याचं मला काही नाही. मीही मदनगड मोजलाच होता. पण त्याची नोंद वाचून आम्ही निघालो होतो. ‘गेलो होतो, माथा केला नाही, पाण्याचं ठाऊक नाही’ एवढं लिहिलं असतं तर आम्ही चार बाटल्या जास्त नेल्या असत्या.

जिओकॅशिंगमध्येही अगदी हेच होतं. लोकांना ‘सापडला नाही’ हे लिहायची लाज वाटते. नापासाचा शेरा वाटतो तो. म्हणून काहीजण काहीच लिहीत नाहीत आणि काहीजण ‘असणारच तिथे, आपल्याला दिसला नाही एवढंच’ असं मनाशी म्हणत ‘सापडला’ ठोकून देतात. परिणाम असा की डबा चार महिन्यांपूर्वी ओढ्याला वाहून गेलेला असतो आणि फोनवर मात्र तो जिवंत असतो. पुढचा माणूस तीस किलोमीटर गाडी हाणून येतो आणि काटेरी झुडपात तासभर कोपरं सोलून घेतो. डबा ठेवणाऱ्यालाही कळत नाही, कारण त्याला वाटतं लोकांना मिळतोय की! लागोपाठ दोन-तीन ‘सापडला नाही’ आले की तो जाऊन बघतो. म्हणजे सगळ्यात उपयोगी नोंद कुठली, तर जिने आकडा वाढत नाही ती.

भिजलेल्या वहीचं म्हणाल तर ते पाप बारीक आहे. डबा हातात आला होता, कागदाचा लगदा झाला होता, पेन उमटेना. अशा वेळी रीत अशी की लगद्याचा फोटो काढायचा, मालकाला कळवायचं की बाबा सही करता आली नाही, वही बदल, चालेल का? बहुतेक मालक आनंदाने हो म्हणतात. भाच्याने कळवलं असेल तर सोडून द्या. नसेल तर अजून कळवू द्या, लगदा अजून तिथेच असेल.

खिशातला डबा ठेवून येणं मात्र अक्षम्य. असं करणारे स्वतःला परोपकारी समजतात: डबा हरवलाय, मालकाचा हेलपाटा वाचवू, एक नवा ठेवू आणि आपलीही नोंद करून टाकू. पण डबा हरवलाय हे त्याला कळलं कसं? त्याला दिसला नाही, एवढंच. पुष्कळदा मूळ डबा तिथेच दोन हातांवर, चांगल्या हुशारीने लपवलेला असतो. मग एका जागी दोन डबे होतात. निम्मे लोक सोप्या डब्यावर सही करून जातात आणि ज्याने डोकं चालवून मूळ डबा लपवला त्याची कला फुकट जाते. आपल्याकडे म्हणाल तर, देवळाची वाट सापडली नाही म्हणून वाटेतल्या धोंड्याला शेंदूर फासून हात जोडून परत येण्यातली ही गत. पुढचे भाविक मग तिथेच नारळ फोडायला लागतात.

नियम बदलतात म्हणता, ते खरं आहे, आणि प्रत्येक बदलाला रडारड ठरलेली. पूर्वी डबा ठेवणारा सहीखेरीज वाटेल ती अट घालू शके: डोक्यावर टोपरं घालून फोटो पाठवा, चार ओळी कविता लिहा, नाही तर नोंद पुसतो. एप्रिल २००९मध्ये ते बंद झालं. सही केली की नोंद पक्की, बाकी हौस असेल तर करा. काही मालक इतके चिडले की त्यांनी डबेच उचलून नेले. अपवाद राहिला तो ‘आव्हान’ डब्यांचा, म्हणजे अमुक इतके प्रकार आधी पूर्ण केलेले असतील तरच हा डबा मोजता येईल असे. त्यांचं इतकं पेव फुटलं की २०१५च्या एप्रिलात नवे आव्हान-डबे वर्षभर थांबवावे लागले, आणि पुन्हा सुरू केले तेव्हा नियम आवळले. ज्यांत डबाच नसतो, नुसती जागा पाहून प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, अशा आभासी ठिकाणांना २००५मध्ये नवी परवानगी बंद झाली. जुनी मात्र राहिली, पागडीच्या भाडेकरूंसारखी. २०१७मध्ये निवडक ४,००० जणांना अशी एकेक जागा नव्याने काढायची मुभा दिली, तेव्हा उरलेल्यांनी केलेली कुरकुर ऐकण्यासारखी होती.

जुन्या आकड्यांना मात्र कोणी हात लावत नाही. ज्या दिवशी मोजलं त्या दिवशीचा नियम. हे मला पटतं. रोपवे झाला म्हणून १९९५ला पायी रायगड चढलेल्याला कोणी दोन गुण जास्त देत नाही आणि देऊही नयेत.

आकड्यांची खरी नासाडी झाली ती ओळीने लावलेल्या डब्यांनी. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे, मैलाचा दहावा भाग. तो मुळात डब्यांची दाटी होऊ नये म्हणून. पण माणसाने त्याचा अर्थ असा लावला की दर १६१ मीटरला एक डबा ठेवता येतो! अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटातल्या एका सरळसोट रस्त्यावर हजारावर डबे असे ओळीने लागले. गाडी थांबवायची, उतरायचं, खांबाखालची डबी घ्यायची, सही, बसायचं, पुढे. त्यातही वेळ वाचवायला लोकांनी युक्ती काढली: पहिली डबी उचलून गाडीत घ्यायची, चालत्या गाडीत तिच्यातल्या कागदावर सही करायची, पुढच्या खांबाशी ती ठेवून तिथली उचलायची. म्हणजे अख्ख्या रस्त्यावर एकही डबी आपल्या जागेवर राहत नाही. एका दिवसात काही शेकडा आकडा. आपल्या नगर रोडवर प्रत्येक खांबाला अशी डबी लावली तर संध्याकाळी सहा वाजता खराडी ते वाघोली गाडीतून न उतरताही सगळ्या सापडतील, फक्त काच खाली करून हात बाहेर काढायचा.

पण मला त्या वाळवंटवाल्यांना फार हसता येत नाही. नर्मदा परिक्रमेचं बघा. पायी, नदी न ओलांडता, शास्त्रात सांगितली तशी केली तर तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस. आता पुण्यातून बस निघते आणि पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा होते. पायी जाणारे वाटेतल्या आश्रमांचे, ग्रामपंचायतींचे शिक्के वहीत घेतात. ती त्यांची कागदावरची सही. बसवाला आणि पायी गेलेला दोघेही ‘परिक्रमा झाली’ म्हणतात. मी माझ्या मावशीला, वय ७१, तू बसने गेलीस म्हणून तुझी धरत नाही असं तोंडावर सांगू शकत नाही. तीही मात्र कधी ‘केली’ म्हणत नाही, ‘बसने केली’ म्हणते. हा एक शब्द आपण लावला की निम्मे वाद मिटतात.

अलीकडे फोनवरच प्रश्नांची उत्तरं देत शहरात फिरायचे प्रकार निघाले आहेत, त्यात पाच ठिकाणं केली की आकडा पाचाने वाढतो. डबा नाही, वही नाही, सहीही नाही. जुने लोक यावर नाक मुरडतात. मीही मुरडतो, पण माझं कारण वेगळं: वही नसली की मागच्या माणसाने काय लिहिलंय ते वाचायची मजा गेली.

त्या मजेवरून आठवलं. भाच्याला विचारा, तो नोंदीत काय लिहितो. तिकडे चार इंग्रजी अक्षरं लिहायची साथ आहे, टीएफटीसी. डब्याबद्दल आभार, एवढाच अर्थ. संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत पानंच्या पानं ‘छान’, ‘उत्तम’, ‘छान’ असतात, त्यातली ही जात. ज्याने थंडीत जागा हुडकली, डबा रंगवला, त्याला त्या अक्षरांतून काय मिळतं? दोन वाक्यं लिहावीत. वाटेत घोरपड दिसली, चप्पल तुटली, काहीही. फक्त डबा कुठे आहे ते फोडू नये. आणि आपली खास पद्धत, म्हणजे किल्ल्याच्या भिंतीवर कोळशाने बदामात दोन नावं, ती कुठल्याच खेळात धरत नाहीत. संरक्षित स्मारकावर असं केल्यास २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता वाघेश्वराचं तळं. सूनबाईंचा उत्साह मला आवडला, पण तीन अडचणी सांगतो. पहिली, सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला डबा ठेवता येत नाही. ठेवणारा जवळपास राहणारा हवा, भिजलं-हरवलं तर जाऊन बघणारा. नकाशावर चढवण्याआधी तपासनीस हे विचारतात. म्हणजे डब्याचे मालक तुम्ही, मामा. दर पावसाळ्यानंतर चक्कर तुमची.

दुसरी, जागेची परवानगी. देवळाच्या आवारात आणि जाधवरावांच्या समाध्यांपाशी तर नकोच. कोणी अनोळखी माणूस दगडांच्या फटीत हात घालताना दिसला तर गुरव हटकणारच, आणि त्याने हटकावंच. वाघोली २०२१मध्ये महापालिकेत आली. बाकी जागा कोणाची हे आधी कागदोपत्री पाहा. ते वाघोलीत डबा शोधण्यापेक्षा अवघड आहे याची कल्पना आहे मला.

तिसरी अडचण पुणेकराला सांगायला नको. १३ फेब्रुवारी २०१०ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेली एक पिशवी फुटली आणि माणसं गेली. त्यानंतर या शहरात बेवारस डब्याकडे कोणी कौतुकाने बघत नाही. गर्दीच्या जागी, बसथांब्यापाशी, पुलाखाली डबा नको म्हणजे नको. ठेवलाच तर आरपार दिसणारा प्लास्टिकचा ठेवा, वर मराठीत ठळक लिहा की हा खेळातला डबा आहे, आणि फोन नंबर द्या.

पण डब्याशिवायही एक सोय आहे, आणि वाघोलीला ती इतकी शोभते की मला आश्चर्य वाटतं ही तुमच्या घरात अजून कोणाला सुचली कशी नाही. २००४पासून या खेळात ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे. लपवायचं काही नाही. खडकाची, मातीची एखादी शिकवण्याजोगी जागा दाखवायची, येणाऱ्याने ती नीट बघून दोन-तीन प्रश्नांची उत्तरं अर्थकॅश काढणाऱ्याला पाठवायची. उत्तरं पाठवली की नोंद पक्की. इथे सहीही नाही आणि दोरही नाही, पण न जाता थापा मारणं अवघड.

वाघोलीच्या खाणी म्हटलं की पुणेकराला खडी आणि धूळ आठवते. जगभरच्या खनिज गोळा करणाऱ्यांना मात्र वाघोली म्हटलं की निळा रंग आठवतो. इथल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये १९८०च्या दशकात कॅव्हनसाइट नावाच्या खनिजाचे गडद निळे गोळे सापडले, पांढऱ्या स्टिलबाइटवर शाईचे थेंब पडावेत तसे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची तोंडं जोडून ते नाव बनलं. जगात सगळ्यात देखणे नमुने इथलेच, आणि परदेशातल्या संग्रहालयांत काचेमागे त्या निळ्या गोळ्याखाली चिठ्ठी असते: वाघोली, पुणे. गंमत अशी की हे खनिज पहिल्यांदा सापडलं आणि १९७३ साली नोंदवलं गेलं ते ऑरेगनमध्ये. डेव्ह उल्मरची बादलीही तिथलीच.

खनिजवाल्यांत एक कडक रीत आहे. नमुना कितीही सुंदर असो, तो कुठल्या खाणीतला याची खरी चिठ्ठी नसेल तर त्याची किंमत उतरते. चुकीची चिठ्ठी असली तर त्याहून उतरते. मला वाटतं, तुमच्या भाच्याला हे त्याच्या मामीने सांगावं. मामाचं कोण ऐकतं?

चालू खाणीत शिरू नका, तिथे सुरुंग उडतात आणि जागा खासगी असते. रस्त्यालगत कापलेला बेसाल्ट कुठे सुरक्षितपणे दिसतो ते बघा, जमीनमालकाची संमती घ्या, आणि पोकळ्या कशा झाल्या, त्यात पांढरं काय भरलंय असे दोन प्रश्न काढा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक चक्कर मारून आलात तर प्रश्न आपोआप सुचतील. दगड फोडून घरी आणायचा मोह मात्र पाहुण्यांनाही होऊ देऊ नका.

तरीही सूनबाईंना डबाच ठेवायचा असेल तर झाकणाला रबराची कडी असलेला घ्या, वही आत आणखी एका पिशवीत ठेवा, आणि सोबत पेन नको, शिसपेन्सिल ठेवा. पेनाची शाई पुण्याच्या पहिल्या पावसात फुटते.